सुंदराची तहान

कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ते वर्ष. सन मला सांगता यायचा नाही, कारण तेव्हा मला अक्षर वाचता येत नव्हतं. पण कस्तुराचा तो मुलगा आता जेसीबी चालवतो, त्यावरून ज्याचा त्यानं हिशेब करावा.

चैत्र सरत आला होता. वडापच्या जीपमधून कस्तुरा कमरेवर हात ठेवून उतरली, आणि दारात तिची आई, म्हणजे माझी भावजय सुंदरा, भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लेकीवरून तुकडा ओवाळायला तिनं हात वर केला, तसा पदर सरकला. शेजारची गौराबाई तिथंच होती. कुठं काय बोलावं याचा पोच तिला कधीच नव्हता.

"अगं बया," ती म्हणाली, "बाळंतीण ह्यातली कंची म्हणायची?"

सगळ्या हसल्या. सुंदराही हसली, आणि पदर ओढून तिनं तो कमरेला असा आवळला की पुन्हा सरकायची सोय राहिली नाही.

तिचं पोट संक्रांतीपासून वाढत होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लेक पोटुशी आणि आईलाही त्या वयात दिवस गेले असं गावात कळलं असतं तर जावयापुढं उभं कसं राहायचं, या लाजेनं ती गप्प बसली होती. त्या रात्रीच्या जेवणाला ती अर्धी भाकरीही खाईना, तेव्हा मी, त्याच घरात राहणारी तिची थोरली नणंद, तिला चुलीपाशी धरलं. पोट एवढं, पण हातातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

"सुंदरा, दिवस गेलेली बाई अशी वाळत न्हाई," मी म्हटलं.

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की हे तिलाही कधीचंच कळलेलं आहे.

तालुक्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि मिरजेला धाडलं. तिथं फोटो काढले, सुईनं तपासायला घेतलं. आठवड्यानं परत बोलावून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की गाठ अंडाशयात आहे, ती सगळ्या पोटात पसरली आहे, आणि ऑपरेशनच्या पलीकडं गेलं आहे. पोट वाढलंय ते पाणी झाल्यामुळं. दम लागायला लागला की घेऊन या, सुई घालून पाणी काढून टाकू, तेवढाच आराम पडेल.

माझा धाकटा भाऊ दुर्गाप्पा, सुंदराचा नवरा, हे सगळं ऐकत होता. पण गाठ, पसरणं, ऑपरेशन यातलं सगळं त्यानं कानाआड केलं की काय कोण जाणे. त्यानं धरून ठेवला तो एकच शब्द. पाणी.

कारण पाणी म्हटलं की ते त्याचं होतं. आमची माणसं विहिरी खोदणारी. पण दुर्गाप्पाचा हात वेगळा होता. जतपासून पार विजापूरच्या हद्दीपर्यंत लोक त्याला न्यायला यायचे. कातळावर पहार आपटून तो आवाज घ्यायचा आणि पाझर कुठल्या अंगानं येतोय ते सांगायचा. सुरुंगाचे बार उडाले की धूर निवायच्या आत खाली उतरायचा तो पहिला. पाण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवावं असं त्याला वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर तशी वेळही कधी आली नव्हती.

मिरजेहून आम्ही एसटीनं परत आलो. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं मला मागं थांबवलं. सुंदरा आणि कस्तुरा हळूहळू पुढं चालल्या होत्या.

"अक्का, सुई घालू द्यायची न्हाई," तो म्हणाला. "विहीर उपसून कधी आटती का? जेवढं उपसावं तेवढं झरं मोकळं हुत्यात. आपल्या आळीतल्या भीमाचं पाणी काढलं, आठ दिसांत माघारी आला तो तिरडीवरच."

"मग काय करायचं म्हनतोस?"

"वरचा वढा बांधून काढायचा. वरनं यायचं थांबलं की खालचं आपसूक बसतंय."

"आणि वरचा वढा कंचा रं?"

"तोंड," दुर्गाप्पा म्हणाला.

घरी गेल्यावर तो सुंदरासमोर उकिडवा बसला. आमच्यात नवरे असे बायकांपुढं बसत नाहीत. त्यानं तिला समजावून सांगितलं, अगदी एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या रानाचा उतार समजावून सांगावा तसं. पाणी बंद, ताक बंद, आमटी बंद. सकाळी चूळ भरायची आणि दोन वेळा कपभर चहा. भाकरी चटणीशी खायची, गोळ्या केळ्यात घालून गिळायच्या. पावसाळ्याच्या आत आटवतो मी ते, असं तो म्हणाला. "तेवढं माझ्यासाठी सोस."

सुंदरानं मान हलवली. बरं म्हणाली.

ते वैशाखाचे दिवस होते आणि आमच्या घराला पत्रा. दुपारी आत बसलं की डोकं उकळायचं. दारातला रांजण दुर्गाप्पानं स्वतः उचलून गौराबाईच्या भिंतीकडं नेला, पाणी ओतल्याचा आवाज सुंदराच्या कानावर जाऊ नये म्हणून. कस्तुराला पोटुशी म्हणून सारखी तहान लागायची. ती गौराबाईच्या घरात जाऊन पाणी पिऊन यायची, तोंड पुसून. दुर्गाप्पा स्वतः घरात घोटभर पीत नसे. कामावरून आला की सरळ घरामागं जायचा, आणि ओलं तोंड वाळल्यावर मगच उंबऱ्याच्या आत यायचा. ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायची तेवढी मुभा त्यानं मला दिली होती. तेसुद्धा फडकं पिळून.

पोटाचं माप घ्यायला त्यानं सुतळी आणली होती. विहिरीतल्या पाण्याची खूण धरायला तो अशीच सुतळी सोडायचा. तिच्या बेंबीवरून ती गुंडाळून त्यानं गाठ मारून ठेवली, आणि दर दोन दिवसांनी पुन्हा लावून बघायचा. गाठ कधी जुळत नव्हती, पोट पुढंच जात होतं. एकदा मात्र जुळली. बोटभर सैलच पडली. दुर्गाप्पाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. दुपारचा तसाच उठून बाजाराच्या गावाला गेला आणि सगळ्यांसाठी भेळ घेऊन आला. सुंदरा भेळ खाऊ शकली नाही, कोरड्या तोंडात ती चावली जाईना. तो बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं, खरंच का उतरलंय गं? तेव्हा ती म्हणाली, श्वास आत घेऊन धरला होता मी, ते दोरी लावत होते तेवढा वेळ.

आणि एवढं बोलण्यानंच तिला धाप लागली.

पुढच्या आठवड्यात दुर्गाप्पा दूरच्या कामावर गेला. मी गौराबाईकडून तांब्या भरून आणला, सुंदरापुढं धरला. ती त्याच्याकडं किती तरी वेळ बघत राहिली. तिचे ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटून शब्द जाड यायचे.

"नगं, वन्सं," ती म्हणाली.

"अगं, त्याला कोन सांगायला जातंय?"

"त्यांनी कधी माझ्याकडं काय मागितलं न्हाई. एवढ्या वर्सांत हे एक मागितलंय. न्ह्या ते."

मी तांब्या परत नेला. गौराबाईनं विचारलं, प्याली का? मी म्हटलं, न्हाई. तिनं तांब्या माझ्या हातून घेतला आणि आवाज न करता रांजणात रिकामा केला.

मग तिला आडवं होता येईना. पाठीशी वळकटी लावून ती बसूनच झोपायची, आणि बोलताना दोन शब्दांच्या मध्ये थांबायची. दुर्गाप्पा रोज म्हणायचा, अजून चार दिवस बघू. शेवटी कस्तुरा बापासमोर येऊन उभी राहिली. तिचे दिवस भरत आले होते.

"आबा, तुमी न्हेत नसलासा तर मी जाते आईला घिऊन," ती म्हणाली. "ह्या असल्या पोटानं. मग वाटंत काय हुईल ते हुईल."

दुर्गाप्पानं जीप सांगितली.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. तरुणच होत्या, पण बोलणं कसं सावकाश. त्यांनी सुंदराच्या पोटावर ते सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, पेनानं एका बाजूला फुली मारली, आधी बधिर करायची सुई दिली, मग मोठी सुई घालून तिला नळी जोडली. नळीचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत सोडलं. मला वाटलं होतं सुंदरा ओरडेल. पण तिनं नुसते डोळे मिटून घेतले.

पाणी यायला लागलं. धार नव्हे, नळीतून संथ उतरत होतं. हरभऱ्याची डाळ भिजवून ठेवल्यावर वरचं पाणी दिसतं तसा रंग. दुर्गाप्पाला बाहेर थांबा म्हणून सांगितलं होतं, तरी तो आत आला आणि बरणीपाशी फरशीवर बसला. विहिरीच्या काठावर बसायचा तसाच, गुडघ्यावर कोपर टेकून. बरणी भरत जाईल तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्याच्या मनात भीमा असणार.

सुंदरानं डोळे उघडून त्याला बघितलं. पोट जरा हलकं झालं होतं, तिला पुरता श्वास मिळायला लागला होता.

"सारा जलम लोकांच्या रानात पाणी लागावं म्हणून नारळ फोडलासा," ती म्हणाली. "आता घरात लागलंय तर तोंड का पाडताय?"

सलाईन लावायला आलेली नर्स हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या. दुर्गाप्पा हसला नाही.

सलाईनला शीर सापडेना. नर्सनं एका हाताला दोनदा बघितलं, दुसऱ्या हाताला बघितलं. मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्यांनी सुंदराला जीभ दाखवायला सांगितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"मावशी, पाणी किती पिता दिवसाचं?"

सुंदरानं दुर्गाप्पाकडं बघितलं.

"पाणी बंद केलंय मी," खालून दुर्गाप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडी ऐट होती. "मिरजंला पयल्यांदा आलो तवापासनं. लई सोसलं तिनं. येक घोट न्हाई घेतला."

डॉक्टरीणबाईंनी का म्हणून विचारलं. तेव्हा त्यानं त्यांना सगळं सांगितलं. ओढा, विहीर, झरे, उपसा, वरून बांध घातल्याशिवाय खालचं का बसत नाही. त्यांनी मध्येच तोडलं नाही. स्टूल ओढून बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटतं त्यांनी ते ऐकलं नसतं, झिडकारलं असतं, तर त्यालाही सोपं गेलं असतं.

"मामा," त्या म्हणाल्या, "हे पाणी तोंडाकडून येत नाही. पोटाच्या आत एक अस्तर असतं. त्याला आजार लागलाय, ते पाझरतंय. मावशी पाणी प्यायल्या तरी येणार आणि नाही प्यायल्या तरी येणार."

"आन आता काढलं त्येचं काय?"

"परत भरेल काही दिवसांनी. परत काढू. तोवर त्यांना हवं तेवढं पाणी द्या. मनाला येईल ते खाऊ द्या."

"म्हणजे आटायचं न्हाई."

"नाही, मामा."

दुर्गाप्पा बरणीकडं बघतच म्हणाला, "मग ती तानलेली ऱ्हायली, त्येचा..."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, त्याचा उपयोग नव्हता.

तो उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. असा मी त्याला एकदाच पाहिला होता, उमदीच्या रानात विहिरीची दरड ढासळून त्याचा जोडीदार खाली गाडला गेला तेव्हा. तेव्हा तो चार महिने पहारीला शिवला नव्हता.

सुंदरा त्याच्या पाठीकडं बघत होती.

"तानलेली कोन ऱ्हायलं हुतं?" ती म्हणाली.

तो वळला नाही.

"वन्सं पाजत हुत्या की मला. तुमी कामावर गेलासा की तांब्या भरून आणायच्या." मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "सांगा की, वन्सं. आता कशापायी भ्यायचं?"

मी तिला एक घोटही पाजला नव्हता. तिचे ओठ त्या वेळीसुद्धा फुटलेले होते, आणि हे एवढं बोलताना तिची जीभ दोनदा टाळ्याला चिकटली होती. नर्सला शीर मिळत नव्हती ती त्याच खोलीत. ज्याला बघायचं त्याला सगळं समोर दिसत होतं.

दुर्गाप्पानं वळून माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हटलं. "पाजत हुते."

"रोज?"

"रोज."

"माझ्या माघारी?"

"तुझ्या माघारीच. तुझ्या पुढ्यात कशी पाजू?"

डॉक्टरीणबाई सुंदराच्या हातावर शीर शोधत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

दुर्गाप्पा मला खूप बोलला. थोरली म्हणून घरात मान दिला, आणि तूच घरात फितुरी केलीस म्हणाला. मी इथं सुंदरासाठी जीव जाळतोय आणि तुझं चोरून चाललेलं, असंही म्हणाला. बोलता बोलता तो पुन्हा फरशीवर बसला, आणि खोल विहिरीतून दोरावर वर आलेला माणूस काठावर पडून श्वास सोडतो तसा त्यानं श्वास सोडला. मी सगळं ऐकून घेतलं. एवढ्या शिव्या खाऊन मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग तो उठला, आमच्या पिशवीतलं फुलपात्र काढलं आणि बाहेर गेला. व्हरांड्यात दवाखान्याचा थंड पाण्याचा नळ होता. फुलपात्र काठोकाठ भरून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तो आला. एका हातानं त्यानं सुंदराची मान उचलली. नर्सनं हळूहळू पाजा म्हणून सांगितलं, पण ते सांगायची गरज नव्हती. सुंदराला घटाघट पिता येत नव्हतं. एक घोट घ्यायची, तोंडात धरायची, मग गिळायची. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, पण ते तिनं पदरानं पुसलं आणि आम्ही कुणी तिकडं बघितलं नाही.

अर्धं झाल्यावर ती थांबली.

"वन्सं देत हुत्या त्यापरीस गार हाय," ती म्हणाली.

दुर्गाप्पानं माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "ती गौराबाईच्या रांजणातलं देत आसंल," तो म्हणाला. "तिचा रांजण जुना, पाझरतच न्हाई."

घरी आल्यावर त्यानं आमचा रांजण उचलून परत दारात आणला आणि सुंदराच्या उशापाशी माठ ठेवला. माझ्याशी तो कितीतरी दिवस बोलत नव्हता. काही हवं असलं तर कस्तुराला म्हणायचा, तुझ्या आत्तीला सांग. पण माठ मला भरू द्यायचा नाही, स्वतः भरायचा. सुंदरा मागायच्या आधी फुलपात्र तिच्या हातात असायचं. कधी साखर घातलेलं, कधी लिंबू पिळलेलं. ती म्हणायची, वन्सं, आता ह्यांना कोनीतरी थांबवा, माझं सारं अंग पाण्याचं झालं. पण घ्यायची. त्यानं दिलेलं प्रत्येक वेळी घ्यायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं पाणी पुन्हा भरलं, आणि पुन्हा काढून आणलं. या वेळी दुर्गाप्पानं हयगय केली नाही. तिला जरा जड झालेलं दिसलं की तोच जीप बघायला जायचा. दुसऱ्या वेळचं पाणी काढून आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी कस्तुराला मुलगा झाला. पोट उतरलेलं होतं, म्हणून सुंदराच्या मांडीवर त्याला ठेवायला जागा होती. गौराबाई बघायला आली आणि म्हणाली, आता कळलं बाळंतीण कंची ते. त्या घरात त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसली ती सुंदरा.

पुढं दुर्गाप्पा ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा. लग्नात, दिवसकार्याच्या जेवणाला, कुणाच्या विहिरीवर दुपारी भाकरी खाताना. मी तर तिला पाण्यावाचून मारली असती, म्हणायचा, पण आमची अक्का चोरटी. माझ्या माघारी तिनं तिला पाजत ठेवलं. भाऊबीजेला मी त्याला ओवाळत असे तेव्हा ताटात ओवाळणी टाकताना दरवर्षी त्याचं हेच, चोरटे, घे. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मी मान हलवायची. सुंदराकडं बघून मान हलवायची सोय तेव्हा राहिली नव्हती, म्हणून जमिनीकडं बघून हलवायची. आता तोही नाही, म्हणून हे लिहून ठेवते. कस्तुरालाही हे ठाऊक नाही, ती वाचेल तेव्हा तिला कळेल.

सुंदरा त्याच साली, नातवाच्या बारशानंतरच्या सोमवारी सकाळी गेली. दुर्गाप्पा गेल्या मार्गशीर्षात गेला.